उताणे झोपल्यावर डाग, पालथे झोपल्यावर गायब!
हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनमागचा हिशेब

कुपवाडच्या एमआयडीसीत अर्धे आयुष्य लेथवर काढलेला, पन्नाशी ओलांडलेला, पोट थोडे सुटलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. जिना चढताना छातीत जड होते, म्हणून डॉक्टरांनी त्याला ‘स्ट्रेस थॅलियम’ करून यायला सांगितले. ट्रेडमिलवर चालून झाले, इंजेक्शन झाले, मग टेबलावर उताणे झोपवून छातीभोवती कॅमेरा फिरला. पडद्यावरच्या चित्रात हृदयाच्या खालच्या भिंतीवर फिकट डाग दिसला. तिथे रक्त कमी पोहोचत असावे, अशी शंका आली. तंत्रज्ञ म्हणाला, “काका, आता जरा पालथे झोपा. अजून एकदा घेऊ.” इंजेक्शन तेच, हृदय तेच. दुसऱ्या चित्रात मात्र डाग नव्हता.

न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागात असे प्रसंग नेहमीचे आहेत. पण काकांच्या घरच्यांना पडणारा प्रश्न रास्त आहे: दोन्हींतले खरे चित्र कोणते?

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या तपासणीत कॅमेरा चित्र काढत नाही, तो फक्त मोजतो. चित्र तयार होते ते कॉम्प्युटरने त्या मोजणीवरून केलेल्या हिशेबातून. गेल्या चाळीस वर्षांत या तपासणीत जी सुधारणा झाली, तिचा मोठा वाटा या हिशेबाचा आहे.

शिरेतून जाते ते काय?

लोकांच्या तोंडी नाव थॅलियमचे असले, तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. ते सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन नावाच्या रेणूला जोडून शिरेतून देतात. हा रेणू रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत शिरतो आणि तिथल्या पेशींत अडकून राहतो. जिथे रक्त भरपूर, तिथे द्रव्य भरपूर. जिथे रक्तवाहिनी चोंदलेली, तिथे कमी. द्रव्य अडकून राहते म्हणूनच ट्रेडमिलवर असतानाचा रक्तपुरवठा नंतर निवांत झोपवून मोजता येतो. विश्रांतीच्या वेळचा पुरवठा वेगळे इंजेक्शन देऊन मोजतात आणि दोन्हींची तुलना करतात.

दिलेल्या द्रव्यापैकी हृदयाच्या स्नायूत पोहोचते जेमतेम सव्वा ते दीड टक्का. बाकीचे यकृत, पित्ताशय, आतडी, मूत्रपिंडे आणि इतर स्नायूंत जाते. म्हणजे ज्याचे चित्र हवे आहे तो अवयव मंद, आणि शेजारचे यकृत मात्र लख्ख. ही अडचण पुढे पुन्हा येणार आहे.

टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मे होते. मुंबईत तयार करून पावणेचारशे किलोमीटरवरच्या सांगली-मिरज-कुपवाडकडे पाठवायचे म्हटले, तर वाटेतच निम्मे संपेल. म्हणून टेक्नेशियमऐवजी मॉलिब्डेनम-99 पाठवतात. त्याला निम्मे व्हायला 66 तास लागतात आणि त्यातूनच टेक्नेशियम तयार होत राहते. शिशाच्या आवरणातल्या लहानशा उपकरणातून, म्हणजे ‘जनरेटर’मधून, रोज सकाळी ते सलाइनने काढून घेतात. भारतात असे जनरेटर आणि औषधांचे किट पुरवणाऱ्यांत अणुऊर्जा विभागाची वाशीची ‘ब्रिट’ ही संस्था आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला 1963 मध्ये सुरू झाले. या शाखेचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

कॅमेरा काय मोजतो?

टेक्नेशियममधून गॅमा किरण निघतात. प्रकाश भिंगाने वळवता येतो, तसे हे किरण वळवता येत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यापुढे शिशाची जाड, हजारो बारीक भोके असलेली पाटी लावतात. तिला कोलिमेटर म्हणतात. भोकाच्या रेषेत सरळ आलेला किरणच आत जातो, तिरपा आलेला शिशात जिरतो. शरीरातून निघालेल्या दहा हजार किरणांपैकी साधारण एकच पलीकडे पोहोचतो. तिथे सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. किरण आदळला की तो क्षणभर चमकतो, आणि ती चमक मोजली जाते. हॅल अँगर या अमेरिकी संशोधकाने 1950 च्या दशकात बांधलेल्या कॅमेऱ्याचे हेच तत्त्व आजही बहुसंख्य यंत्रांत आहे.

किरण कोणत्या रेषेत आला, हे कॅमेऱ्याला कळते. त्या रेषेवर तो किती खोलवरून आला, हे कळत नाही. म्हणजे हातात येते ती प्रत्येक रेषेवरची एकूण बेरीज. म्हणून कॅमेरा छातीच्या उजव्या-पुढच्या बाजूपासून डाव्या-मागच्या बाजूपर्यंत अर्धवर्तुळात फिरतो आणि साठ-चौसष्ट कोनांतून वीस-पंचवीस सेकंद मोजत राहतो. या हजारो बेरजांवरून आतल्या प्रत्येक बिंदूचा आकडा शोधणे म्हणजे चित्राची पुनर्रचना.

द्राक्षबागेचा हिशेब

हे कसे जमते ते पाहण्यासाठी आपल्याच भागातली एक चौकोनी द्राक्षबाग घेऊ. तिचे चार प्लॉट आहेत: वर दोन, खाली दोन. वरच्या दोन्ही प्लॉटांत आणि खालच्या डाव्या प्लॉटात 10-10 खोकी माल निघाला. खालच्या उजव्या प्लॉटाला पाणी कमी पडले, तिथे 2 च खोकी. तुम्हाला बागेत शिरायची परवानगी नाही. बांधावरची माणसे फक्त रेषांच्या बेरजा सांगतात. आडव्या ओळी: वरची 20, खालची 12. उभ्या ओळी: डावी 20, उजवी 12. तिरप्या ओळी: खालच्या उजव्या कोपऱ्यातून जाणारी 12, दुसरी 20. आता एवढ्यावरून कोणता प्लॉट सुकला ते सांगायचे आहे.

पहिला सरळ उपाय म्हणजे प्रत्येक बेरीज तिच्या दोन्ही प्लॉटांत सारखी वाटायची आणि प्रत्येक प्लॉटाला मिळालेल्या तीन वाट्यांची सरासरी घ्यायची. सुकलेल्या प्लॉटाला मिळतात 6, 6 आणि 6, म्हणजे सरासरी 6. बाकीच्या तिघांना मिळतात 10, 10 आणि 6, म्हणजे सुमारे 8.7. सुकलेला प्लॉट ओळखू आला, पण 10 आणि 2 मधला ढळढळीत फरक 8.7 आणि 6 वर आला. चांगल्या प्लॉटांचा माल सुकलेल्यात सांडला. चित्र पुसट झाले.

बंगळूरची वजाबाकी

हा पुसटपणा काढायची युक्ती आहे. सुकलेल्या प्लॉटातून जाणाऱ्या तीन रेषांची बेरीज करा: 12 + 12 + 12 = 36. त्यातून साऱ्या बागेचे 32 वजा करा आणि निम्मे करा. उत्तर 2. चांगल्या प्लॉटासाठी 20 + 20 + 12 = 52, वजा 32, निम्मे 10. दोन्ही उत्तरे बरोबर! वाटताना शेजाऱ्यांचे जे जास्त सांडते, ते हिशेबाने वजा करायचे, एवढेच यातले तत्त्व.

खऱ्या स्कॅनमध्ये ही वजाबाकी प्रत्येक रेषेवर, वाटण्याच्या आधीच करतात. या पद्धतीला ‘फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन’ म्हणतात. रेषांच्या बेरजांवरून आतले आकडे मिळू शकतात, हे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने 1917 मध्येच सिद्ध केले होते. पण ते झटपट करून देणारी सोपी रीत मांडली ती दोन भारतीयांनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा शोधनिबंध 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या स्कॅन यंत्रांत हा फिल्टर ‘राम-लॅक’ या नावाने आजही ओळखला जातो.

मग अडते कुठे? अडते ते बांधावरच्या मोजणीत. किरण निघणे हा योगायोगाचा खेळ असतो. 100 किरण मोजले तर त्यात 10 इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. 10,000 मोजले तर 100, म्हणजे एकच टक्का. हृदयातून येणारे किरण थोडे, म्हणून चूक मोठी. समजा, बागेची एकूण बेरीज 32 च राहिली, पण मोजणीतल्या चुकीमुळे सुकलेल्या प्लॉटाच्या रेषा 10, 10 आणि 11 अशा आल्या. बेरीज 31, वजा 32, निम्मे: उत्तर उणे अर्धे खोके! बागेत उणे खोकी नसतात. वजाबाकीच्या गणिताला मात्र ते ठाऊक नसते. लहान चूक ते मोठी करून दाखवते. ती झाकण्यासाठी चित्र मुद्दाम मऊ करावे लागते आणि मग बारीक तपशील जातात.

याच वजाबाकीची दुसरी खोड यकृतापाशी दिसते. यकृत लख्ख असल्यामुळे त्याच्या शेजारी जास्तच वजा होते आणि हृदयाची खालची भिंत उगाच फिकी पडू शकते. इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास थांबवतात आणि अनेक ठिकाणी दूध किंवा थोडे स्निग्ध खायला देतात, ते यकृत-पित्ताशयातले द्रव्य पुढे सरकावे म्हणून.

अंदाज, पडताळा, दुरुस्ती

दुसरा मार्ग धीराचा आहे. आधी सरळ अंदाज धरा: 32 खोकी, चार प्लॉट, म्हणजे प्रत्येकी 8. या अंदाजाप्रमाणे प्रत्येक रेषेची बेरीज 16 यायला हवी. प्रत्यक्षात काही रेषा 20 आहेत, काही 12. म्हणजे काहींत अंदाज सव्वापट करायला हवा, काहींत पाऊणपट. प्रत्येक प्लॉटाला त्याच्या तिन्ही रेषांच्या पटींच्या सरासरीने गुणा. सुकलेला प्लॉट 8 वरून 6 वर येतो. नव्या आकड्यांवरून पुन्हा रेषांच्या बेरजा काढा, पुन्हा पडताळा, पुन्हा गुणा. तो 6 वरून 4.9, मग 4.2, असा 2 कडे सरकत जातो. चांगले प्लॉट 8.7, 9.0, 9.3 असे 10 कडे चढतात. सारे काही गुणाकाराने होते, म्हणून उणे खोकी कधीच येत नाहीत.

पुनरावृत्तीच्या या रीतीला 1982 मध्ये शेप आणि वार्डी यांनी किरणांच्या योगायोगाचे गणित जोडून पक्की बैठक दिली. अडचण एकच होती, त्या काळच्या कॉम्प्युटरला ती फार जड जाई. 1994 मध्ये हडसन आणि लार्किन यांनी तोड काढली. सगळ्या रेषा तपासून होईपर्यंत थांबायचे नाही. आधी आडव्यांवरून अंदाज सुधारायचा, मग उभ्यांवरून, मग तिरप्यांवरून. एका फेरीत अनेक दुरुस्त्या होतात आणि काम कितीतरी लवकर उरकते. ‘ओसेम’ नावाची ही पद्धत आज बहुतेक यंत्रांत असते.

हिशेबात शरीर आणले, तेव्हा…

या पद्धतीची खरी ताकद वेगळीच आहे. अंदाजावरून बेरीज काढताना वाटेत काय काय बिघडते तेही हिशेबात धरता येते. वजाबाकीच्या रीतीत ते सहज बसत नाही. हृदयाच्या स्कॅनमध्ये असे तीन बिघाड महत्त्वाचे आहेत.

वाटेत जिरणे. टेक्नेशियमचे किरण शरीरातल्या मऊ भागातून जाताना दर साडेचार सेंटीमीटरला निम्मे होतात. नऊ सेंटीमीटर वाट असेल तर चौथाईच बाहेर येतात. बागेत म्हणायचे तर आतल्या प्लॉटाची खोकी बांधापर्यंत येता येता वाटेतच गळतात, आणि माल कमीच निघाला असे वाटते. पुरुषांत, विशेषतः पोट सुटलेले असेल तर, श्वासपटलामुळे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यामुळे, हृदयाची खालची भिंत फिकी दिसते. स्त्रियांत स्तनांमुळे पुढची भिंत फिकी दिसते. कॅमेऱ्याला कमी किरणांचा सीटी स्कॅन जोडलेला असेल, तर शरीरात कुठे किती जिरते याचा नकाशा मिळतो. तो हिशेबात घातला की गळती भरून निघते.

वाट चुकणे. काही किरण शरीरात आपटून दिशा बदलतात आणि भलत्याच रेषेत मोजले जातात. आपटल्यावर त्यांची ऊर्जा घटते, म्हणून कॅमेरा 140 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचेच किरण स्वीकारतो. तरीही स्वीकारलेल्यांत साधारण एक तृतीयांश असे भरकटलेले असू शकतात. शेजारच्या कमी ऊर्जेच्या पट्ट्यात वेगळी मोजणी करून त्यांचा अंदाज काढतात आणि तोही हिशेबात धरतात.

शेजारच्या ओळीत मोजले जाणे. कोलिमेटरची भोके बारीक असली तरी त्यांना रुंदी असते. कॅमेरा दूर गेला की एका भोकातून आजूबाजूचेही दिसू लागते. छातीपासून वीस सेंटीमीटरवर हा पुसटपणा सेंटीमीटरहून जास्त होतो, आणि हृदयाची भिंतच मुळी सेंटीमीटरभर जाडीची असते! पण कोणत्या अंतरावर किती पुसट होते, हे आधीच मोजून ठेवता येते. ते हिशेबात घातले की हरवलेली स्पष्टता बरीचशी परत मिळते. याला ‘रिझोल्यूशन रिकव्हरी’ म्हणतात.

काकांचा डाग

आता पहिल्या प्रश्नाकडे. उताणे झोपल्यावर पोटातले अवयव श्वासपटलाला वर रेटतात आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचे किरण वाटेत जास्त जिरतात. पालथे झोपल्यावर हृदय थोडे पुढे सरकते, श्वासपटल खाली जाते, आणि ती वाट मोकळी होते. हृदयाची हालचालही कमी होते. रक्तपुरवठाच कमी असता तर डाग दोन्ही चित्रांत दिसला असता. फक्त उताण्या चित्रात दिसला, म्हणजे तो बहुधा वाटेतल्या गळतीचा.

मग पालथेच का झोपवत नाहीत? कारण पालथे झोपल्यावर कधीकधी पुढच्या भिंतीवर असाच खोटा डाग येतो. म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वाचतात. शिवाय ईसीजीच्या तालावर मोजणी करून त्या जागची भिंत नीट आकुंचन पावते का, तेही पाहतात. ताण आणि विश्रांती, दोन्ही वेळच्या चित्रांत फिकट दिसणारा भाग व्यवस्थित हलत असेल, तर तिथे जुन्या झटक्याचा व्रण असण्याची शक्यता कमी होते.

वेळ कमी, किरण कमी

हिशेब सुधारला की तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी मोजणीत मिळते. रिझोल्यूशन रिकव्हरीमुळे स्कॅनची वेळ किंवा औषधाची मात्रा जवळपास निम्मी करता येते. अमेरिकेच्या न्यूक्लिअर कार्डिओलॉजी संघटनेने 2010 मध्ये सुचवले होते की 2014 पर्यंत निम्म्या तपासण्यांत तरी रुग्णाला मिळणारे किरण 9 मिलीसिव्हर्टच्या आत असावेत. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलीसिव्हर्ट मिळतात, त्यावरून या आकड्याचा अंदाज यावा. 2010 च्या सुमारास कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या स्फटिकाचे नवे कॅमेरेही आले. ते हृदयावरच नजर रोखतात आणि काही मिनिटांत मोजणी संपवतात.

हिशेबाच्या मर्यादा

पुनरावृत्तीच्या रीतीत फेऱ्या जितक्या जास्त तितके चित्र चांगले, असे नाही. एका मर्यादेनंतर कॉम्प्युटर मोजणीतल्या योगायोगाच्या चुकाही खऱ्या मानून रंगवू लागतो आणि चित्र खरखरीत होते. म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर थांबावे लागते.

सीटीचा नकाशाही चुकू शकतो. सीटी काही सेकंदांत होतो, कॅमेऱ्याची मोजणी दहा-पंधरा मिनिटे चालते. मधल्या काळात श्वासामुळे हृदय सरकलेले असेल आणि नकाशा जुळला नाही, तर हृदयाच्या जागी फुप्फुसातली हवा धरली जाते आणि निरोगी भिंतीवर नवाच डाग उमटतो. म्हणून दोन्ही चित्रे जुळतात का, हे माणसाने डोळ्यांनी तपासायचे असते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने थोड्या मोजणीतून स्वच्छ चित्र काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यात धोका हा, की हजारो चित्रे पाहून शिकलेला कॉम्प्युटर नेहमीचे तेच रंगवील आणि एखाद्याचा खरा लहानसा डाग पुसून टाकील. मोजलेच नाही ते कोणताही हिशेब आणू शकत नाही.

थोडक्यात

- स्कॅनचा कॅमेरा रेषांवरच्या बेरजा मोजतो, चित्र कॉम्प्युटर हिशेबाने मांडतो.
- जुनी रीत वाटप आणि वजाबाकीची. ती झटपट होते, पण मोजणीतल्या चुका वाढवते.
- नवी रीत अंदाज, पडताळा आणि दुरुस्तीची. तिच्यात किरण जिरणे, भरकटणे आणि पुसट होणे हे तिन्ही धरता येते.
- उताण्या आणि पालथ्या चित्रांची तुलना हा सीटीची सोय नसलेल्या ठिकाणीही करता येणारा स्वस्त आणि उपयोगी पडताळा आहे.

तपासणीला जाताना

चहा-कॉफी किती तास आधी बंद करायची, ते केंद्रावर आधीच विचारा. ट्रेडमिलऐवजी औषध देऊन ताण निर्माण करायचा असेल, तर कॅफिनमुळे तपासणी वाया जाऊ शकते. नेहमीची औषधे मात्र मनानेच बंद करू नका. टेबलावर हलू नका, बोलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या. कोणताही हिशेब हललेल्या हृदयाची पूर्ण भरपाई करू शकत नाही. पुन्हा झोपायला सांगितले तर घाबरू नका, तो पडताळा तुमच्याच फायद्याचा असतो. आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर चित्रांची सीडीही मागून घ्या व जपून ठेवा. पुढच्या वेळी नवा डाग दिसला, तर तो खरोखर नवा आहे की नाही, हे जुन्या चित्रांशी ताडूनच ठरवता येते.